बारा मोजत ऐका: ब्लूज, जॅझ आणि रॉकमधली माझी काही आवडती वादनं

प्रश्न असा आहे: ‘क्लासिक रॉक, ब्लूज आणि जॅझ ऐकायला सुरुवात केली आहे. शंभर-शंभर अल्बमच्या याद्या सापडतात, त्या ऐकूनही होतात, पण मनात काही राहत नाही. तुम्ही इतकी वर्षं वाजवता आहात, तर तुमची स्वतःची आवडती ध्वनिमुद्रणं कोणती, आणि त्यात नेमकं काय ऐकायचं?’

मी बास गिटार आणि डबल बास वाजवते. तीस वर्षांत या तिन्ही प्रकारच्या बँडमध्ये वाजवलं आहे. त्यामुळे माझी निवड बास वाजवणारीची आहे, हे आधीच सांगते. गाण्याच्या शब्दांपेक्षा आणि गिटारच्या करामतींपेक्षा खाली काय चाललंय इकडे माझा कान आधी जातो. आणि खाली या तिन्ही प्रकारांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट चाललेली असते, ती म्हणजे बारा बारचं आवर्तन. ते मोजता आलं नाही तर शंभर अल्बम ऐकूनही सगळं सरमिसळ वाटेल. मोजता आलं तर दहा-बारा वादनांतही खूप काही हाती लागेल.

मोजायचं कसं ते सांगते. एका बारमध्ये चार ठोके. प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर त्या बारचा आकडा म्हणायचा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं बारापर्यंत. पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर), म्हणजे घरी. पाचव्या बारला मध्यमावर जायचं, दोन बार तिथे राहायचं, सातव्याला घरी परत. नवव्याला पंचम, दहाव्याला मध्यम, अकराव्याला पुन्हा घरी, आणि बाराव्यात पुढच्या फेरीची चाहूल. शब्दही याच मापात बसतात. पहिली ओळ चार बारची, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. शिवाय प्रत्येक ओळ साधारण अडीच बारमध्ये संपते आणि उरलेली जागा वाद्यासाठी मोकळी राहते. ती मोकळी जागा ऐकायला शिका. ब्लूजचा जीव तिथे आहे.

पहिल्यांदा रंगमंचावर संथ ब्लूज वाजवताना आठव्या बारनंतर मी हरवले होते. आमच्या पियानोवादकाने नवव्या बारचा पंचम डाव्या हाताने असा ठासून वाजवला की मी जागेवर आले. श्रोत्यांना काहीच कळलं नाही. पाचवा आणि नववा बार हे मैलाचे दगड आहेत हे मात्र मला त्या दिवशी कायमचं कळलं. तुम्हीही मोजणी चुकलात तर थांबू नका. सूर मध्यमावर चढलेला ऐकू आला की ‘पाच’ म्हणा आणि तिथून पुढे चला.

सुरुवात बेसी स्मिथच्या ‘सेंट लुई ब्लूज’पासून करा. 14 जानेवारी 1925, न्यूयॉर्क. त्या मुद्रणाला माइक नव्हता. भोंग्यासमोर उभं राहून गायचं, आणि आवाजाच्या जोरावरच मेणावर रेघ उमटायची. साथीला फक्त दोघं: कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखंच वाद्य) लुई आर्मस्ट्राँग आणि हार्मोनियमवर फ्रेड लाँगशॉ. होय, हार्मोनियम. तिचे लांब, सपाट सूर खाली अंथरलेले आहेत, त्यावर बेसी ओळ टाकते आणि ती श्वास घेते तेवढ्यात आर्मस्ट्राँग तिला उत्तर देतो. मघाशी म्हटलेली मोकळी जागा म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा ठाऊक नाही. मोजताना एक सावधगिरी बाळगा. या गाण्याचा मधला भाग बाराचा नाही, सोळा बारचा आहे. दोन फेऱ्या झाल्या की तो येतो आणि शेवटी पुन्हा बारावर परततो.

त्यानंतर तीन वर्षांनी, 28 जून 1928 ला शिकागोत आर्मस्ट्राँगने ‘वेस्ट एंड ब्लूज’ मुद्रित केलं. सुरुवातीला दहा-बारा सेकंद तो ट्रम्पेटवर एकटाच आहे. ना ताल, ना साथ. तेवढ्यात तो ट्रम्पेटचं अख्खं आकाश फिरून येतो. सगळे त्याच सुरुवातीबद्दल बोलतात आणि ते योग्यच आहे, पण मला शेवटची फेरी जास्त प्रिय आहे. तिथे तो एकच उंच सूर पहिले चार बार धरून ठेवतो. सोळा ठोके, एक सूर. मोजत ऐकलंत तर पाचवा बार येईपर्यंत तुमचाही श्वास अडकलेला असेल, कारण आता घर सोडायचंय हे तुम्हाला माहीत असतं. न मोजता ऐकणाऱ्याला तिथे फक्त एक लांब सूर ऐकू येतो.

आता रॉबर्ट जॉन्सन. नोव्हेंबर 1936 मध्ये सॅन अँटोनियोला आणि जून 1937 मध्ये डॅलसला मिळून त्याने 29 गाणी मुद्रित केली आणि ऑगस्ट 1938 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. सैतानाशी सौदा करून त्याने वादन मिळवलं ही दंतकथा बाजूला ठेवा, ती ऐकण्याच्या आड येते. ‘क्रॉस रोड ब्लूज’ लावा आणि मोजा. मोजणी कोलमडेल. कुठे बार लांबतो, कुठे दोन ठोके जास्तीचे येतात, ओळ संपल्यावर गिटारला आणखी काही बोलायचं असेल तर तो थांबून ते बोलून घेतो आणि मगच पुढे जातो. तो एकटा आहे, त्याला कुणाला सांभाळायचं नाही. आवर्तन त्याच्या श्वासाप्रमाणे ताणलं जातं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम लवकर ऐकवते, म्हणजे बारा हा आकडा म्हणजे पिंजरा आहे असं त्यांना वाटत नाही.

मग लगेच, त्याच दिवशी, क्रीम या तिघांच्या रॉक बँडचं ‘क्रॉसरोड्स’ ऐका. 10 मार्च 1968, विंटरलँड, सॅन फ्रान्सिस्को. (‘व्हील्स ऑफ फायर’ या अल्बमच्या या भागावर ‘फिलमोरमधलं’ असं छापलं आहे, पण हे गाणं विंटरलँडचंच.) जॉन्सनचे लांबते-आखडते बार इथे सरळ बारामध्ये बसवले आहेत, त्याच्या गिटारमधल्या आकृतीचा एक आखीव रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) केला आहे, आणि जॉन्सनच्याच दुसऱ्या एका गाण्यातलं कडवं यात आणून जोडलं आहे. लोक एरिक क्लॅप्टनचा गिटारचा सोलो ऐकतात. तुम्ही दुसऱ्यांदा ऐकताना फक्त जॅक ब्रूसचा बास ऐका. सोलो चालू असताना तो साथ करत नाही, वाद घालतो. क्लॅप्टन वर जातो तेव्हा ब्रूसही वर सरकतो, आणि ड्रमवर जिंजर बेकर त्या दोघांच्या मधून रस्ता काढतो. तिघंही एकाच वेळी पुढे बोलत आहेत, आणि तरी नवव्या बारला तिघंही पंचमावर हजर असतात. रॉक बँड म्हणजे गिटारवादक आणि त्याची माणसं, हा माझा गैरसमज या चार मिनिटांनी मोडला.

या दोन मुद्रणांमधला दुवा विजेचा आहे. मडी वॉटर्सला 1941 मध्ये मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर अॅलन लोमॅक्सने काँग्रेस ग्रंथालयासाठी मुद्रित केलं. 1943 मध्ये तो शिकागोला गेला आणि तिथल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून इलेक्ट्रिक गिटारकडे वळला. त्याचं 1960 च्या न्यूपोर्ट महोत्सवातलं वादन ऐका, जमलं तर पाहाच. जॅझच्या महोत्सवात हा बँड उभा आहे, पियानोवर ओटिस स्पॅन, हार्मोनिकावर जेम्स कॉटन. ‘गॉट माय मोजो वर्किंग’ संपतं, लोक सोडत नाहीत, म्हणून ते पुन्हा सुरू करतात. मडी मध्येच कॉटनला धरून नाचतो. स्पॅनकडे लक्ष द्या. तो एक क्षण गप्प नसतो आणि तरी कुणाच्या वाटेत येत नाही. हे फार अवघड असतं.

बी. बी. किंगचं ‘लाइव्ह अॅट द रीगल’ 21 नोव्हेंबर 1964 चं, शिकागोतलंच. बेसी आणि आर्मस्ट्राँग जे दोघं मिळून करत होते ते हा एकटा करतो. गातो तेव्हा गिटार थांबते, गिटार वाजते तेव्हा तो गात नाही. तिसरा आवाज श्रोत्यांचा आहे. ‘हाऊ ब्लू कॅन यू गेट’मध्ये सात मुलांचा उल्लेख येतो तिथे बायका ज्या किंचाळतात, तो आवाज वजा केला तर गाणं अपुरं राहील. हा अल्बम एका बैठकीत, अधेमधे न थांबता ऐकावा.

हाऊलिन वुल्फचं ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’ (1956) आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं 1 जानेवारी 1970 चं ‘मशीन गन’ ही दोन एकापाठोपाठ ऐकून पाहा. दोन्हींत मोजायला बारा नाहीत. जवळजवळ सगळं एकाच कॉर्डवर. वुल्फ त्या एका जागी उभा राहून रात्र उभी करतो. हेंड्रिक्स बारा मिनिटं तिथेच थांबून युद्ध उभं करतो. त्याच्या खाली बिली कॉक्सचा बास एका आकृतीला चिकटून राहतो. मी तरुणपणी त्याला साधा बासवादक समजत होते. तो हलला असता तर हेंड्रिक्सला उडायला जमीनच उरली नसती, हे समजायला मला बरीच वर्षं आणि बऱ्याच गिटारवादकांची साथ करावी लागली.

जॅझकडे वळताना बहुतेक जण घाबरतात. तुम्हाला आता बारा मोजता येत असतील तर घाबरायचं कारण नाही. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये पाचपैकी दोन रचना ब्लूजच आहेत. तो 1959 मध्ये 2 मार्च आणि 22 एप्रिल अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत मुद्रित झाला. ‘ऑल ब्लूज’ हा बाराचाच, पण सहाच्या झुलत्या लयीत. ‘फ्रेडी फ्रीलोडर’ मात्र आधी घ्या. चाल सोपी आहे आणि पियानोवर बिल एव्हान्सऐवजी विंटन केली आहे, त्याचं वादन मातीतलं, खळखळतं. मोजत जा. दहा बारपर्यंत सगळं ओळखीचं. अकराव्याला घरी पोहोचायचं तर सूर एक पायरी खाली, कोमल निषादाच्या कॉर्डवर उतरतो. दार उघडलं आणि आत आपलं घरच नाही, असं काहीसं होतं. एवढ्याशा बदलाने जुना ढाचा नवा होतो. माइल्सचं मोठेपण मला अशा ठिकाणी दिसतं. त्यानंतर संपूर्ण अल्बम केवळ पॉल चेंबर्सच्या बाससाठी एकदा ऐका. त्याच्यासारखं चालणं, चार सारखे ठोके आणि प्रत्येक ठोका पुढच्याकडे झुकलेला, हे मी आजही शिकते आहे.

या अल्बमच्या आवृत्तीबद्दल एक कामाची गोष्ट. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित करताना टेप यंत्र किंचित मंद चाललं होतं, त्यामुळे अनेक दशकं त्या किंचित चढ्या सुरात ऐकल्या गेल्या. जुन्या प्रतीबरोबर वाद्य लावायला गेलात तर सूर जुळणार नाही, आणि दोष तुमच्या वाद्याचा नसेल. 1990 च्या दशकातल्या आवृत्त्यांपासून हे दुरुस्त झालं आहे.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ला (9 डिसेंबर 1964) लोक देवघरासारखं लांबून नमस्कार करतात. त्याचा तिसरा भाग ‘पर्स्यूअन्स’ हा कोमल गंधाराच्या अंगाने जाणारा बारा बारचा ब्लूज आहे. एल्विन जोन्सच्या ड्रमपासून सुरुवात होते, वेग भयंकर आहे, मोजता मोजता दम लागतो. शेवटी सगळे थांबतात आणि जिमी गॅरिसनचा बास एकटा उरतो. तिथपर्यंत पोहोचलात की पुढचा भाग आपोआप कानात शिरतो.

रॉककडे परतताना दोन गोष्टी झटकन. द हूच्या ‘लाइव्ह अॅट लीड्स’मधलं (14 फेब्रुवारी 1970) ‘यंग मॅन ब्लूज’ हे मूळ मोझ अॅलिसन या जॅझ पियानोवादकाचं, 1957 मधलं, दीडेक मिनिटाचं शांत गाणं. द हूने त्यातल्या ओळींमधल्या रिकाम्या जागा तशाच ठेवल्या आणि प्रत्येक जागेत डोंगर कोसळवला. आणि लेड झेपलिनचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (1971) ऐकण्याआधी कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांचं 1929 चं मूळ ऐका. ते 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं गाणं आहे. मूळ गाणं हलकं, जवळजवळ चालतं-बोलतं. झेपलिनने जॉन बॉनमचे ड्रम एका जुन्या घराच्या प्रवेशदालनात जिन्याखाली मांडले आणि माइक वर जिन्यावर टांगले. त्या जिन्याची पोकळीच तुम्हाला ऐकू येते.

ऑलमन ब्रदर्सच्या ‘अॅट फिलमोर ईस्ट’वर (12 आणि 13 मार्च 1971) मात्र थांबावंच लागेल, कारण तिन्ही प्रवाह इथे एका मंचावर आहेत. गाणी ब्लूजची: ‘स्टेट्सबरो ब्लूज’ ब्लाइंड विली मॅकटेलचं, ‘स्टॉर्मी मंडे’ टी-बोन वॉकरचं. आवाज रॉकचा, दोन गिटार आणि दोन ड्रमवादक. आणि लांबच लांब सोलोंची घडण जॅझची. बँडचा गिटारवादक डुएन ऑलमन ‘काइंड ऑफ ब्लू’ सतत ऐकायचा आणि ते त्याने सांगितलेलंही आहे. अल्बमचा निर्माता टॉम डाउड, ज्याने आधी अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत कोल्ट्रेनचं ‘जायंट स्टेप्स’ मुद्रित केलं होतं. ‘स्टॉर्मी मंडे’मध्ये ऑर्गनचा सोलो येतो तिथे लय अचानक झुलायला लागते, आणि क्षणभर वाटतं की आपण दुसऱ्याच बँडच्या मैफलीत आलो. बेरी ओकलीचा बास ते वळण इतक्या अलगद घेतो की पहिल्या दोन वेळा ते कुठे घेतलं हेच सापडत नाही. त्याच ऑक्टोबरात डुएन गेला, पुढच्या वर्षी ओकली.

आता दोन वादनं उरली आहेत आणि ती मुद्दाम शेवटी ठेवली आहेत.

पहिलं, 7 जुलै 1956, न्यूपोर्ट. ड्यूक एलिंग्टनच्या बँडला तेव्हा उतरती कळा लागली असं सगळे म्हणत होते. मध्यरात्र जवळ आली होती, लोक उठायला लागले होते. एलिंग्टनने 1937 च्या आपल्या दोन जोडरचना काढल्या, ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’, आणि त्यांच्यामधला पूल म्हणून टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विसला सोडलं. त्याने 27 आवर्तनं वाजवली. बारा गुणिले सत्तावीस, 324 बार, सहा मिनिटांहून जास्त. त्यात चमत्कारिक सूर नाहीत, फार उंच चढणं नाही. तो फक्त झुलत राहतो. सातव्या-आठव्या फेरीच्या आसपास गर्दीचा आवाज बदलू लागतो. प्रेक्षकांतली एक बाई उठून नाचायला लागली आणि मग सगळं मैदानच उभं राहिलं. एलिंग्टनचे हाकारे ऐकू येतात. खाली जिमी वूडचा बास आणि सॅम वूडयार्डचे ड्रम. सव्वातीनशे बार एकच वेग धरून ठेवायचा, गर्दी पेटलेली असताना पुढे पळायचं नाही, याला काय लागतं हे मी जाणते. त्या ऑगस्टात एलिंग्टन ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर होता.

गंमत अशी की गोन्साल्विस चुकीच्या माइकसमोर उभा होता. समोरचा माइक व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा होता, कोलंबियाचा नव्हे. म्हणून 1956 च्या एलपीवर तो लांबून ऐकू येतो. शिवाय त्या एलपीतले इतर काही भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चढवल्या होत्या. 1999 मध्ये दोन्ही टेपा एकमेकींशी जुळवून खरी मैफल समोर आली. तीच आवृत्ती शोधा. आणि सत्तावीसच्या सत्तावीस फेऱ्या मोजा, बोटांवर मोजा, मध्ये थांबू नका.

दुसरं वादन पाहायचं आहे, नुसतं ऐकायचं नाही. 8 डिसेंबर 1957, सीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीवरचा ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा थेट कार्यक्रम, आणि त्यात बिली हॉलिडेचं ‘फाइन अँड मेलो’. हाही बारा बारचा ब्लूज, अगदी संथ. याच नावाचा एक एलपीही आहे. तो चार दिवस आधी स्टुडिओत मुद्रित झाला आणि त्यातलं वादन वेगळं आहे. तुम्हाला प्रसारणाची फिल्म हवी. बिली उंच स्टुलावर बसली आहे, भोवती अर्धवर्तुळात कोलमन हॉकिन्स, बेन वेब्स्टर, रॉय एल्ड्रिज, जेरी मलिगन, व्हिक डिकेन्सन. बासवर मिल्ट हिंटन, त्याचे ठोके इतके गोल की त्यावर कुणीही निश्चिंत पाय टाकावा.

वेब्स्टरचा सोलो संपतो. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग उठून उभा राहतो. त्याची प्रकृती ढासळलेली आहे, हे दिसतं. वीस वर्षांपूर्वी तो आणि बिली एकमेकांच्या श्वासावर वाजवत-गात होते. त्याच्या वाट्याला एक आवर्तन आहे. गोन्साल्विसला सत्तावीस मिळाली होती, याला बारा बार. तो मोजके सूर घेतो, प्रत्येक सूर ठोक्याच्या किंचित मागे, आणि मधल्या जागा तशाच मोकळ्या सोडतो. कॅमेरा बिलीकडे वळतो. ती मान हलवते आहे, ओठ किंचित उघडे, आणि पुढचा सूर कुठे पडणार हे तिला आधीच माहीत असावं अशा नजरेने त्याच्याकडे पाहते आहे. दोन वर्षांच्या आत दोघंही गेले, लेस्टर मार्च 1959 मध्ये आणि बिली त्याच जुलैत.

पहिल्यांदा पाहताना मोजू नका. दुसऱ्यांदा मोजा आणि नवव्या बारपाशी तिचा चेहरा पाहा.